एक टन फायबर

सोसायटीच्या सभेला हजर माणसं अकरा होती. त्यांतली चार जिन्यात उभी राहून ऐकत होती, म्हणजे नियमाप्रमाणे सभेत नव्हतीच. पण कलमकाकांनी गच्चीवरची टाकी हलवायचं जे काही अंगावर घेतलं, ते या अकराही जणांनी नीट ऐकलं. काकांचं दुर्दैव इथूनच सुरू झालं.

काका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले, आता सोसायटीचे सचिव म्हणून शेजाऱ्यांना तपासत. कुणी जिन्यात चपला सोडल्या तरी ते कलमाचा आकडा सांगत, म्हणून सगळी इमारत त्यांना कलमकाका म्हणायची. तोंडावर नुसतं काका.

टाकी फायबरची होती. दोन हजार लिटरची, गोल, बुडाला तडा गेलेली. नवी टाकी बसून तीन वर्षं झाली, तरी जुनी कोपऱ्यात तशीच पडून. अध्यक्षांनी मार्ग सुचवला. "मागच्या भिंतीवरून द्या ढकलून नाल्यात. विचारायला येतंय कोण?"

काका ताडकन उभे राहिले. "नाल्यात? अध्यक्षमहाराज, फायबर शंभर वर्षं कुजत नाही. आपण सगळे जाऊ, ती टाकी तिथंच राहील. तिचा रीतसर पुनर्वापर झाला पाहिजे!"

"कोण करणार?"

"मी करतो. महिन्याच्या आत. नाही झालं तर सचिवपदाचा राजीनामा देतो."

शेवटचं वाक्य काकांच्या मनात नव्हतं. ते तोंडातून आपलं आपण बाहेर पडलं, आवेशात पडतात तसं. अध्यक्षांचे मेहुणे गेली चार वर्षं त्या पदावर डोळा ठेवून होते. अध्यक्ष लोण्यासारखे मऊ होऊन म्हणाले, "इतिवृत्तात घ्या हं हे." आणि इतिवृत्त लिहिणारे सचिवच असल्यामुळे काकांना स्वतःच्या राजीनाम्याची धमकी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून घ्यावी लागली.

घरी आल्यावर काकूंनी फक्त एवढंच विचारलं, "टाकी जिन्यातून खाली येते का, हे पाहिलंत का आधी?"

काकांनी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेले. गच्चीचं दार अडीच फुटांचं आणि टाकी साडेचार फुटांची. इमारत बांधताना आधी टाकी चढवली होती आणि मग जिन्यावरची खोली बांधली होती. बांधणाऱ्यांचा ती पुन्हा उतरवायचा विचारच नव्हता.

पण काका खचणारे नव्हते. त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. भंगारवाला गच्चीवर आला, टाकीला प्रदक्षिणा घालून त्यानं तिच्यावर टकटक केलं आणि गंभीर चेहऱ्यानं मान हलवली.

"काका, लोखंड द्या, पत्रा द्या, तुटका पंखा द्या. हे नको."

"का? प्लास्टिकच आहे ना?"

"प्लास्टिक तापवलं की वितळतं. हे तापवलं की नुसतं जळतं आणि काळा धूर सोडतं. फुकट दिलंत तरी नको." जाताना त्यानं वळून विचारलं, "खाली जिन्यात जुना कुकर दिसला, तो देणार का?" कुकर काकूंचा होता आणि जुना मुळीच नव्हता. काकू त्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

ही बातमी दुसऱ्या मजल्यावरच्या ड्रिलमास्तरांना लागली. ते व्यवसायानं बँकेत कॅशियर. पण घरी ड्रिल, कटर, तीन प्रकारच्या करवती. इमारतीत खिळा ठोकायचा असला की लोक त्यांना कळू न देता ठोकत. कारण त्यांना कळलं की ते येत आणि भिंत जाई.

"काका, तुकडे करू," ते म्हणाले. "माझा कटर आहे. अर्ध्या तासाचं काम."

काम खरोखर अर्ध्या तासाचंच होतं. वेळ भर दुपारची, वारा सुटलेला, आणि गच्चीवरच्या सगळ्या दोऱ्यांवर साऱ्या इमारतीचे कपडे वाळत घातलेले. कटर सुरू झाला आणि पांढराशुभ्र धुरळा उडाला. ड्रिलमास्तर धुरळ्यात दिसेनासे झाले, नुसता त्यांचा आवाज येत होता, "लोण्यासारखं कापतंय, काका!" काका शेजारी उभे राहून कापायच्या रेषा खडूनं आखत होते. काम संपलं तेव्हा टाकीचे बारा तुकडे झाले होते. दोघांनी एकमेकांचे हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

खाज साधारण वीस मिनिटांनी सुरू झाली.

फायबर म्हणजे केसाहून बारीक काचेचे धागे, हे ज्ञान काकांना प्रथम मानेवर झालं. मग कोपरात, गुडघ्यामागे, आणि शेवटी अशा ठिकाणी की तिथं सभ्य माणसाला चारचौघांत हात नेता येत नाही. संध्याकाळी लोकांनी वाळलेले कपडे घरी नेले, सकाळी अंगात घातले, आणि नऊ वाजेपर्यंत सगळी इमारत खाजवत होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दोघांना मलम दिलं. सातव्याला त्यांनी न तपासताच विचारलं, "तुम्हीही त्याच इमारतीतले का?" सतराव्याला त्यांनी थेट उपाय सांगितला: गार पाण्यानं धुवा आणि चिकटपट्टी लावून ओढा.

काकूंनी काकांच्या पाठीवर चिकटपट्टी लावली आणि ओढली. काकांच्या पाठीवर केस भरपूर होते. त्यांची किंकाळी तळमजल्यावर अध्यक्षांच्या घरापर्यंत गेली, आणि अध्यक्षांच्या घरचे खाजवता खाजवता थांबले म्हणतात.

"अगं, जरा हळू!"

"महिन्याच्या आत व्हायला हवं ना? हळू करून कसं चालेल?" काकूंनी दुसरी पट्टी लावली. त्यांचीही मान लाल झाली होती, पण त्या आतून हसत होत्या. पट्टी ओढणाऱ्या हातावरून ते काकांना कळत होतं आणि त्यामुळे जास्त लागत होतं.

दोन दिवसांनी फायबरचा एक तुकडा पिशवीत घालून काका नगरपालिकेच्या कचरा विभागात गेले. तिथं तीन खिडक्या होत्या. प्लास्टिक, काच आणि इतर. प्लास्टिकच्या खिडकीवरच्या कारकुनानं तुकडा उलटसुलट पाहिला, खिशातून काडेपेटी काढली आणि एका टोकाला काडी लावली. टोक काळं पडलं.

"वितळत नाही. म्हणजे प्लास्टिक नाही. यात काच आहे, शेजारी जा."

शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी तोच तुकडा टेबलाच्या कडेवर दोनदा जोरात आपटला. टेबलाचा ढलपा निघाला, तुकड्याला काही झालं नाही.

"फुटत नाही. म्हणजे काच नाही. शेजारी जा."

दोघांचंही शास्त्र बिनचूक होतं, हे काकांना मान्य करावं लागलं. तेही आयुष्यभर वस्तूंची परीक्षाच करत आले होते. राहिली 'इतर'ची खिडकी. ती बंद होती. चौकशी केल्यावर कळलं, 'इतर'चा माणूस इतर कामाला गेला आहे. कधी येईल ते सांगता येत नव्हतं, कारण ते काम तिसऱ्याच विभागाचं होतं. काका बाकावर दोन तास बसले. मान खाजत होती, पण सरकारी कचेरीत बसून खाजवणं त्यांच्या प्रतिष्ठेला शोभत नव्हतं. म्हणून त्यांनी भिंतीवरच्या सूचना वाचत वाचत पाठ हळूच खांबावर घासली. पलीकडे बसलेल्या एका आजोबांनी मुलाला कानात विचारलं, "यांना काय झालंय?"

घरी आल्यावर काका आरामखुर्चीत पडले आणि छताकडे बघत राहिले. महिन्याचे सोळा दिवस गेले होते.

काकू भाजी निवडत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "आपल्या न्हाणीघराचं दार फायबरचं आहे ना? मी आज त्या दारवाल्याच्या दुकानात फोन केला."

"कशाला?"

"दारं कापताना त्यांचे तुकडे उरत असतील. ते कुठं टाकतात, विचारलं. गावाबाहेर एक कारखाना आहे म्हणे. फायबर दळून त्याची गटाराची झाकणं बनवतात. हा घ्या नंबर." पत्ता आणि नंबर वाणसामानाच्या यादीच्या मागे, धण्याच्या खाली लिहिलेला होता.

काका उठून बसले. एवढं साधं आपल्याला सुचू नये, याचं त्यांना वाईट वाटलं. "मीही उद्या तिथंच विचारणार होतो," ते म्हणाले. काकू भाजी निवडत राहिल्या, पण फारच आनंदानं.

कारखाना एका उंच पत्र्याच्या शेडमध्ये होता. मालकीणबाई ठेंगण्या, डोक्याला रुमाल, नाकावर मास्क, आणि आवाज यंत्रापेक्षा मोठा. काकांच्या मानेवरचे लाल चट्टे पाहून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोरडं कापलंत ना?"

काकांनी मान खाली घातली.

"पाणी मारत कापायचं असतं हो! धूळ उडतच नाही मग. असू द्या. सगळेच एकदा करतात." त्यांनी काकांना दाखवलं: काचेचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारा घट्ट झालेला गोंद. तो गोंद एकदा वाळला की पुन्हा पातळ होत नाही, म्हणून वितळवता येत नाही. मग दळायचं, आणि ते पीठ नव्या गोंदात मिसळून साच्यात ओतायचं. शेजारी तयार झाकणांचा ढीग होता. काका त्यातल्या एकावर उभे राहिले, उड्या मारून पाहिल्या, आणि समाधानानं खाली उतरले.

"मग आणतो आमची टाकी."

"वजन किती?"

"एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम."

बाईंना हसू आलं. "काका, एवढ्याशा मालावर हे यंत्र चालू करत नाही मी. एक टन लागतो. एकदम एक टन आणा, महिनाअखेरीला पाचपर्यंत. मी थांबते."

काका परतीच्या बसमध्ये शून्यात बघत बसले होते. नऊशे अठ्ठावीस किलो सहाशे ग्रॅम कमी पडत होते. बस एका जुन्या बागेवरून गेली. बागेत तुटकी घसरगुंडी पडली होती. काका तिच्याकडे बघता बघता एकदम सरळ बसले. घसरगुंडी फायबरची होती.

दुसऱ्या दिवशी फाटकावर त्यांच्या वळणदार अक्षरात पाटी लागली: 'जुने फायबर स्वीकारले जाईल. पत्रे, दारे, टब, खुर्च्या. कृपया आधी पुसून आणावे.'

लोकांकडे एवढं फायबर असेल अशी कुणालाच कल्पना नव्हती. ते द्यायला लोक नुसते टपलेले होते, कारण तेसुद्धा भंगारवाल्याकडून आणि तिन्ही खिडक्यांवरून परत आलेले होते. पहिल्या दिवशी दोन दारं आली. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराचा टब, गॅरेजवाल्याचे सहा पत्रे, एका शाळेची बाकं. चौथ्या दिवशी आइस्क्रीमच्या दुकानावरचा पुरुषभर उंचीचा गुलाबी कोन. पाचव्या दिवशी जत्रेतल्या चक्रीपाळण्याचा घोडा, पुढचे पाय उचललेला, एक डोळा रंग उडून आंधळा झालेला. मुलांनी लगेच त्याच्यावर बसायच्या पाळ्या लावल्या.

काका रोज सकाळी सातला अंगणात. प्रत्येक वस्तू टकटक करून पाहायची, तुटक्या कडेला धागे दिसतात का ते बघायचं, साधं प्लास्टिक असेल तर नम्रपणे परत. मग वजन. घरचा वजनकाटा लहान, म्हणून काका वस्तू उचलून स्वतः काट्यावर उभे राहत आणि स्वतःचं वजन वजा करत. ड्रिलमास्तर मोठ्या वस्तू पाणी मारत मारत कापत होते, डोक्यापासून पायापर्यंत रेनकोटात, आणि धुरळा खरोखर कणभर उडत नव्हता. काकू वहीत आकडे लिहीत.

"आज तुमचं वजन दीड किलोनं वाढलंय," त्या म्हणाल्या.

"शक्य नाही. काटा बघू."

"काटा बरोबर आहे. येणारा प्रत्येक जण चहाबरोबर बिस्किटं देतोय तुम्हाला."

काका वजनानंच नव्हे, एकूणच फुलले होते. नोकरी सुटल्यापासून त्यांच्याकडे लोक तक्रारी घेऊन यायचे किंवा त्यांच्या तक्रारी ऐकून पळायचे. आता लोक घसरगुंड्या घेऊन येत होते आणि हात जोडून "काका, तुमच्यामुळे सुटलो" म्हणत होते.

अंगण मात्र भरत चाललं. सायकली रस्त्यावर गेल्या. अध्यक्षांची गाडी शाळेच्या बाकांमागे अडकली आणि बाहेर काढताना तिच्या आरशात घोड्याचा पाय गेला. अध्यक्षांनी घोड्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि घरात जाऊन नगरपालिकेला तक्रार लिहिली. महिना संपायला तीन दिवस होते. काकूंच्या वहीत सहाशे चाळीस किलो झाले होते.

दुसऱ्याच दिवशी निरीक्षक आले. सडपातळ, चाळिशीचे, थकलेले. त्यांनी नोटीस पुढे केली: विनापरवाना कचरा साठवणूक, कलम एकोणचाळीस, दोन दिवसांत जागा मोकळी करावी.

कलमाचा आकडा दिसताच काकांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी चष्मा चढवला. "साहेब, कलम चुकलंय. एकोणचाळीस मोकाट जनावरांचं आहे."

निरीक्षकांनी अंगणाकडे नजर टाकली. पाय उचललेला घोडा, वर तीन मुलं.

"मग बरोबरच आहे की," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. काकांनाही आवरेना. काकूंनी चहा आणला. निरीक्षक शाळेच्या बाकावर टेकले. घोड्यावर टकटक करून त्यांनी विचारलं, "हे सगळं जाणार कुठं पण?"

काकांनी सांगितलं. कारखाना, दळण, झाकणं, एक टन. निरीक्षक ऐकता ऐकता पुढे सरकले. मग इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "काका, बोटी घ्याल?"

"कसल्या?"

"तलावातल्या. पायानं चालवायच्या, बदकाच्या. तलाव आटला, बोटी कचेरीच्या मागं सहा वर्षं पडून आहेत. नऊ नग. मी हजर झालो तेव्हा पहिली सही केली ती 'नऊ बदके मिळाली' यावर. विल्हेवाटीचा अर्ज आम्हीच आमच्या प्लास्टिकच्या खिडकीवर दिला होता."

"मग?"

"त्यांनी काचेच्या खिडकीवर पाठवला."

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. या माणसाचं दुःख त्यांच्याइतकं कुणालाच कळलं नसतं. "एकेक किती किलोचं?"

"शंभराच्या वर."

काकूंची पेन्सिल वहीवर भरभर चालली आणि थांबली. त्यांनी मान वर करून नुसते डोळे मोठे केले.

"ट्रकची सोय?" काकांनी विचारलं.

"नगरपालिकेचे दोन. परवा." निरीक्षकांनी नोटिशीची घडी केली आणि खिशात घातली. "चुकीच्या कलमाची नोटीस तशीही टिकत नाही."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोन ट्रक निघाले. पुढच्या ट्रकवर टाकीचे तुकडे, दारं, कोन आणि घोडा. मागच्यावर नऊ पांढरी बदकं, माना उंच करून, एकामागं एक. इमारतीतले निम्मे लोक वर चढले होते. रस्त्यातले लोक थांबून हात हलवत होते आणि काका टोपी काढून उत्तर देत होते. अध्यक्ष त्याच वेळी गाडी घेऊन बाहेर निघाले होते. रस्ता अरुंद, पुढे जाता येईना. त्यामुळे ते मिरवणुकीतले शेवटचे पाहुणे असल्यासारखे मागून येत राहिले. लोक त्यांनाही हात हलवत होते.

कारखान्याच्या अलीकडे रेल्वेचा पूल लागला. ठेंगणा. घोडा गेला. कोन गेला. पहिल्या बदकाची चोच कमानीला लागली आणि ट्रक करकरून थांबला.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ड्रायव्हर उतरला, वर बघून म्हणाला, "दोन वीत जास्त आहे. फिरवून न्यायचं तर तास जाईल." सगळे काकांकडे बघू लागले. काका बदकांकडे बघत होते. पन्नास मिनिटं. मान कापायची तर पाणी कुठून आणायचं? आणि कोरडं कापायचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

मागून जोरात हॉर्न वाजला. मग दार आपटलं. अध्यक्ष लालबुंद होऊन आले. "काय चाललंय काय? मला दवाखान्यात जायचंय! मानेला खाज सुटलीय पंधरा दिवस!" त्यांनी पुलाकडे पाहिलं, बदकांकडे पाहिलं. मग जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले, "अहो, आडवी करा ना कुशीवर. एवढं कळत नाही?" कुणी हललं नाही. अध्यक्षांनी बाह्या वर सारल्या आणि स्वतःच ट्रकवर चढले. "धरा! काका, तुम्ही शेपटीकडे! निरीक्षक, बघताय काय!"

पुढची पंचवीस मिनिटं त्या पुलाखाली जे चाललं त्याला शिस्त नव्हती, पण जोर होता. थांबलेल्या रिक्षांतली माणसं उतरली, भाजीवाल्या आल्या, रस्सी कुणाची होती कळलं नाही. अध्यक्ष दर बदकाला "हां, आता मान खाली!" म्हणून ओरडत, आणि शेजारचे दोघंतिघं चुकून आपली मान खाली घालत. नववं बदक आडवं झालं तेव्हा रस्त्यावर टाळ्या पडल्या. अध्यक्षांच्या शर्टाला घाम आणि शेवाळ. पाहणाऱ्या कुणालाही आठवत नव्हतं की ते याआधी कधी एवढे खूश दिसले होते.

पाचला दहा मिनिटं कमी असताना ट्रक वजनकाट्यावर चढले. मालकीणबाईंनी सगळ्यांना खाली उतरवलं, रिकाम्या ट्रकांचं वजन वजा केलं आणि आकडा वाचला, "एक टन सातशे दहा!" आणि सगळे एकदम ओरडले. काकांनी मात्र वाकून काटा बरोबर आहे ना ते पाहिलं. सवय. काटा बरोबर होता.

पहिला तुकडा टाकीचा. बाईंनी काकांना हातमोजे आणि मास्क दिला आणि हिरवं बटण दाखवलं. काकांनी दाबलं. यंत्र घरघरलं, तुकडा आत गेला, कडाकडा आवाज झाला आणि खालच्या तोंडातून राखाडी, कापसासारखं मऊ दळण पडायला लागलं. काका वाकून बघत राहिले. तीन वर्षं गच्चीचा कोपरा अडवणारी ती जडशीळ वस्तू ओंजळीत मावेल एवढी हलकी होऊन बाहेर येत होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुळीचं म्हणावं तर धूळ उडतच नव्हती.

मग बाई पावतीपुस्तक घेऊन आल्या. "माल कुणाच्या नावावर घेऊ? शंभर टक्के पुनर्वापर, असा दाखला मिळतो."

"सोसायटीच्या नावावर," अध्यक्ष शेवाळ पुसत म्हणाले. "मी आहेच सहीला."

"वजनात जास्त भाग नगरपालिकेचा आहे तसा," निरीक्षक संकोचून म्हणाले.

"कापलं कुणी सगळं?" ड्रिलमास्तरांनी हळूच विचारलं.

सगळ्यांचं बोलून झालं आणि सगळे काकांकडे बघू लागले. काकांनी घसा साफ केला. त्यांना बरंच बोलायचं होतं, दोन कलमंही आठवत होती. पण त्यांची नजर ट्रकजवळ उभ्या असलेल्या काकूंवर गेली. वही पोटाशी धरून त्या घोड्याच्या आंधळ्या डोळ्यावरची धूळ पदरानं पुसत होत्या.

"हिच्या नावावर घ्या," काका म्हणाले. "कारखाना हिनं शोधला. मी फक्त विचारणार होतो."

बाईंनी नाव विचारलं. काकांनी काकूंचं संपूर्ण नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, मोठ्यानं. काकू लाजल्या, मग पुढे आल्या, पावती हातात घेऊन वाचली आणि वहीत नीट घडी करून ठेवली.

"माझ्याकडेच राहू दे," त्या म्हणाल्या. "यांच्याकडे दिली तर फ्रेम करून जिन्यात लावतील." आणि शेडमध्ये यंत्राच्या आवाजावर चढून सगळ्यात मोठ्यानं हसले ते काका.